सेल संपले, की प्लेअरच संपला?

मंडळी, एक सोपा प्रश्न. लोकलमध्ये, कॅबमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये तुमच्या कानात जे इअरबड्स असतात ना, ते किती वर्षं चालतील असं तुम्हाला वाटतं? ‘हरवेपर्यंत’ हे उत्तर प्रामाणिक आहे, पण ते बाजूला ठेवू. समजा ते हरवले नाहीत, जीन्सच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेले नाहीत, तर? त्यातला स्पीकर सहसा लवकर मरत नाही. ब्लूटूथची चिपही वर्षानुवर्षं टिकते. मरते ती बॅटरी. आणि ती मेली की बाकी सगळा धडधाकट माल तिच्यासोबत सती जातो, कारण ती बदलायची सोयच कुणी ठेवलेली नसते.

आपल्या आधीच्या पिढीला हे सांगून बघा, वेड्यात काढतील. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आला. टीपीएस-एल२ असं एखाद्या सरकारी फॉर्मसारखं नाव, निळा-चंदेरी डबा आणि पोटात दोन पेन्सिल सेल. सेल संपले? कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जा, दोन नवीन आणा, झाकण सरकवून टाका, चालू. टोकियोत घेतलेल्या वॉकमनमध्ये सांगलीच्या दुकानातला सेल चालायचा, कारण पेन्सिल सेल म्हणजे काय ते जगभर ठरलेलं होतं आणि आहे: जाडी साधारण १४.५ मिलिमीटर, लांबी ५०.५. कंपनी कुठली, देश कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अर्थात ते दिवस सोन्याचे वगैरे होते असं मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या मामेभावाकडे गल्फवरून आलेला एक कॅसेट प्लेअर होता. सेल उतरायला लागले की मोटर मंदावायची आणि गाणाऱ्या बाईचा हळूहळू बुवा व्हायचा! मग सेल काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे (थोडी ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा जोरात होते, त्यामुळे अजून दोन-तीन गाणी निघायची, ही काही अंधश्रद्धा नव्हे). कॅसेट मागे न्यायची तर रिवाइंडचं बटण दाबायला सक्त मनाई, कारण त्यात सेल भसाभस जातात. कॅसेटच्या दातेरी भोकात शिसपेन्सिल खुपसून गरगर फिरवायची. पेन्सिलीने पेन्सिल सेल वाचवायचे! आणि विसरून महिनाभर आत ठेवलेला सेल गळला की स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी. तिला नंतर व्हिनेगर लावून खरवडत बसा. हे सगळं होतंच. पण या सगळ्यात प्लेअर मरत नव्हता, एवढाच मुद्दा आहे.

एमपीथ्री आलं तेव्हाही सुरुवातीला हाच फंडा चालू राहिला. १९९८ चा डायमंड रिओ पीएमपी३०० आठवणाऱ्यांची संख्या आता कमी, पण तो एका पेन्सिल सेलवर चालायचा. मेमरी ३२ एमबी, म्हणजे जेमतेम एक अल्बम. पुढे कोरियाच्या आयरिव्हरने तर कमाल केली. त्यांच्या आयएफपी मालिकेतले काही प्लेअर एका पेन्सिल सेलवर ४० तासांच्या आसपास चालतात असा कंपनीचा दावा होता. चाळीस तास! फिरणारं काही आतमध्ये नाही, मोटर नाही, त्यामुळे वीज लागायचीच किती? आज आपण चार्जरसाठी विमानतळाच्या खांबाशी फतकल मारून बसतो, त्या पार्श्वभूमीवर हा आकडा जरा चावूनच बघावा.

मग सेल गेले कुठे? खलनायक शोधायचा तर तो सोपा आहे, पण आधी त्याची बाजू ऐकू, कारण ती खरोखरच दमदार आहे.

२३ ऑक्टोबर २००१ ला अ‍ॅपलने पहिला आयपॉड दाखवला. ५ जीबीची चिमुकली हार्ड डिस्क, खिशात हजार गाणी, किंमत ३९९ डॉलर, आणि आत कायमची बसवलेली लिथियम बॅटरी, १० तास चालणारी. पाठीमागे झाकण नाही, स्क्रू नाही, नुसता आरशासारखा चकचकीत स्टील. लोक त्या चकचकीतपणावर फिदा झाले. पुढे २००५ मध्ये आयपॉड नॅनो आला, त्याची जाडी होती ६.९ मिलिमीटर. आता वर दिलेली पेन्सिल सेलची जाडी आठवा: १४.५. रिमोटमधला बारीक सेल, म्हणजे ट्रिपल ए, तोही १०.५ चा. थोडक्यात, सेल घालायचा म्हटलं तर नॅनो नावाची वस्तू बनूच शकत नाही. सेलच प्लेअरपेक्षा जाड!

शिवाय काढता-घालता येणारी बॅटरी म्हणजे नुसती बॅटरी नसते. तिला स्वतःचं कडक कवच लागतं, नाहीतर कुणीतरी किल्ल्यांसोबत पर्समध्ये टाकून ती भोसकेल. तिला खण लागतो, स्प्रिंगा लागतात, झाकण लागतं, झाकणाला खिटी लागते (जी नेहमी पहिल्या वर्षात तुटते आणि मग सेलोटेप). आत बसवलेल्या बॅटरीला यातलं काही नको. ती असते मऊ चंदेरी पाकिटात, पापडासारखी, सर्किटच्या शेजारी जिथे जागा मिळेल तिथे. त्याच जागेत जास्त वीज मावते. घाम, पाऊस आत शिरायला फट उरत नाही. जुलैमध्ये दादर स्टेशनवर उभं राहणाऱ्या माणसाने हा मुद्दा उडवून लावू नये.

पण लिथियम बॅटरी म्हणजे टाकी नव्हे, की रिकामी झाली, पुन्हा भरली, मामला खतम. ती म्हातारी होते. प्रत्येक चार्जला आतल्या रसायनातला थोडासा भाग कायमचा अडकून बसतो, आतला रोध वाढत जातो. नुसती ड्रॉवरमध्ये पडून असली तरी वय वाढतंच. अ‍ॅपलनेच आयपॉडसाठी दिलेला हिशेब असा होता, की ४०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उरावी. पूर्ण चार्ज म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज अर्धी, उद्या अर्धी वापरली तर दोन दिवसांचा मिळून एक. रोज दहा तास कानात ठेवणाऱ्याचे ४०० चार्ज तेरा महिन्यांत उडतात. आणि ८० टक्के हा शेवट नव्हे, घसरगुंडीची सुरुवात.

झालंही तसंच. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या दोन भावांनी एक छोटा व्हिडिओ काढला, ‘आयपॉड्स डर्टी सीक्रेट’. केसीचा आयपॉड बसला होता. मदतकेंद्राला फोन केल्यावर उत्तर मिळालं, की दुरुस्तीला २५५ डॉलर आणि वर पाठवणावळ लागेल, त्या पैशांत नवीनच घ्या ना. या भावांनी मग स्टेन्सिल कापला आणि मॅनहॅटनमधल्या भिंतींवरच्या आयपॉडच्या रंगीत पोस्टरांवर स्प्रे पेंटने छापत सुटले, की याची न बदलता येणारी बॅटरी फक्त १८ महिने टिकते. यूट्यूबचा तेव्हा जन्मही व्हायचा होता, तरी तो व्हिडिओ जगभर फिरला. त्याच सुमारास अ‍ॅपलने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना जाहीर केली. व्हिडिओमुळे नाही, आधीच ठरलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. असेलही. पुढे ग्राहकांनी मिळून कोर्टात दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड झाली: पहिल्या तीन पिढ्यांच्या आयपॉडवाल्यांपैकी पात्र ठरलेल्यांना ५० डॉलरचं व्हाउचर वगैरे.

आता गंमत बघा. यातून धडा काय घेतला गेला? झाकण परत आलं का? छे! नॅनोमध्ये तर बॅटरी चक्क सोल्डर केलेली होती. ग्राहक कुरकुरतो, पण काउंटरवर उभा राहिला की पातळ वस्तूच उचलतो, हे कंपन्यांनी बरोब्बर ओळखलं होतं. आपणच उचलली ना?

बदलती बॅटरी देणारे तेव्हाही होते, हे मात्र लोक विसरतात. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने २००४ मध्ये झेन मायक्रो काढला. ५ जीबी, दहा रंग, पाठीचं झाकण काढा, बॅटरी बदला. आयपॉडवाल्यांना खिजवायला हा मुद्दा उत्तम होता. पण मला विचाराल तर इथेच या सगळ्या वादातली खरी मेख आहे. आपण नेहमी दोनच पार्ट्या धरतो, बदलता येणारी आणि न बदलता येणारी. असतात तीन. एक, पेन्सिल सेल, म्हणजे कुणाचीही, कुठेही मिळणारी. दोन, बदलता येणारी, पण त्या एका कंपनीच्या त्या एका मॉडेललाच बसणारी. आणि तीन, आत गाडलेली. दुसरी पार्टी स्वतःला पहिलीची बहीण म्हणवते, पण मॉडेल बंद पडलं आणि सुटी बॅटरी बाजारातून गेली की ती तिसरीच्या रांगेत जाऊन बसते. झाकण उघडतं हो, पण आत घालायचं काय? जुन्या नोकिया फोनचं असं झालं नाही, कारण त्याच बॅटऱ्या ढिगाने फोनमध्ये होत्या आणि आजही कुठल्यातरी स्वस्त रेडिओत, भजनाच्या डबीत त्याच मापाच्या बॅटऱ्या सापडतात. टिकायला झाकण पुरत नाही, माप सगळ्यांचं एक असावं लागतं.

आणि उलटही खरं. आयपॉडची बॅटरी ‘न बदलता येणारी’, पण आयपॉड एवढे खपले, की इतर कंपन्या त्याच्या मापाच्या बॅटऱ्या बनवायला लागल्या. सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये आत गोंद-बिंद फारसा नव्हता, क्लिपा होत्या. प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून उघडता येतो. अ‍ॅपलने मे २०२२ मध्ये आयपॉडचा शेवटचा प्रकारही बंद केल्याचं जाहीर केलं, तरी हौशी मंडळी जुन्या आयपॉडमधली हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड घालतात, उरलेल्या जागेत दुप्पट-तिप्पट बॅटरी कोंबतात आणि मजेत ऐकतात. न बदलता येणारा म्हणून ज्याच्यावर स्प्रे पेंट झाला, तोच आज सगळ्यात हौसेने बदलला जातोय.

गेल्या वर्षी मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एक जुना प्लेअर घेऊन गेले होते. कुठल्या कंपनीचा ते राहू दे. त्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये एका टाय घातलेल्या मुलाने वस्तू हातातही न घेता ‘मॅम, हे मॉडेल डिस्कंटिन्यूड आहे, एक्सचेंज ऑफर चालू आहे’ असं सांगितलं होतं. गल्लीतल्या काकांनी मात्र चष्मा कपाळावरून खाली घेतला, प्लेअर कानाशी हलवून बघितला आणि म्हणाले, “उघडायला दहा मिनिटं ताई, बॅटरी शोधायला दहा दिवस.” त्यांनी बॅटरी बाहेर काढली, कंपनीच्या नंबराकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि मोजपट्टीच्या चिमट्यात धरून जाडी, रुंदी, लांबी लिहून घेतली. मला तेव्हा कळलं, की या चंदेरी पाकिटांवरचा सहा आकडी नंबर म्हणजे बहुतेकदा मापच असतं. ४०३०४८ असं लिहिलं असेल तर ४ मिलिमीटर जाड, ३० रुंद, ४८ लांब. कंपनीने नाही दिली तरी त्या मापाची, त्याच व्होल्टेजची, नीट संरक्षक सर्किट असलेली बॅटरी मिळाली की काम होतं. दहा नाही, सहाच दिवस लागले. प्लेअर आजही चालतोय.

निघताना मी सहज पर्समधले बंद पडलेले इअरबड्स पुढे केले. काकांनी ते उलटे-सुलटे केले आणि परत दिले. “हे उघडलं की बंद होत नाही. गोंद आहे सगळा. आणि बॅटरी बघा केवढीशी, शर्टाच्या बटणाएवढी. माझी मजुरी तुमच्या नव्या पीसपेक्षा जास्त होईल.”

केवढीशी म्हणजे खरंच केवढीशी. २०१६ मध्ये पहिले एअरपॉड्स आले तेव्हा आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी ते अक्षरशः कापून उघडले. एका कानातल्या बॅटरीत ९३ मिलिवॉट-तास एवढी वीज निघाली. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये याच्या तीसपट तरी असते. दुरुस्तीच्या सोपेपणाचे आयफिक्सिटने गुण दिले १० पैकी शून्य. इतकी छोटी बॅटरी म्हणजे ती रोज पार रिकामी होणार. सकाळी डोंबिवली ते सीएसएमटी, दुपारी दोन कॉल, संध्याकाळी परत, झाला एक पूर्ण चार्ज. त्यात बड्स डबीत ठेवले, की डबी त्यांना परत शंभर टक्क्यांवर नेऊन बसवते, आणि लिथियम बॅटरीला सतत काठोकाठ भरलेलं राहणं मानवत नाही. दोन वर्षांत उजवा कान डाव्याच्या आधी बंद पडायला लागला (उजव्याच्याच माइकवर कॉल घेत असाल तर तोच), तर नशिबाला दोष देऊ नका. वॉरंटी बहुतेकांची वर्षाची असते, हा योगायोग तुम्हीच तपासा.

इअरबड्समध्ये बदलती बॅटरी शक्यच नाही, असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी: नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये ‘फेअरबड्स’ काढले. दोन्ही कानांतली आणि डबीतलीही बॅटरी घरच्या घरी बदलता येते. म्हणजे जमतं. करायचं की नाही, एवढाच प्रश्न.

आणि युरोपने तो प्रश्न कायद्याने सोडवायचं ठरवलंय. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांमधली छोटी बॅटरी ग्राहकाला स्वतःला, बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता-घालता आली पाहिजे. विशेष हत्यार लागत असेल तर ते कंपनीने फुकट द्यायचं. शेवटचा पीस बाजारात आल्यावर निदान पाच वर्षं सुटी बॅटरी मिळत राहिली पाहिजे. ओल्यात वापरायच्या काही वस्तूंना आणि काही वैद्यकीय उपकरणांना सवलत आहे. पळवाटा निघतील, निघणारच. पण आपल्याला यात रस का असावा, तर एकच उदाहरण पुरे: चार्जिंगचं एकच पिन हवं हा नियमही युरोपचाच, आणि त्याची तारीख उजाडायच्या आधी, सप्टेंबर २०२३ मध्येच, आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला. फक्त पॅरिसमध्ये नाही, ठाण्यातही. दोन वेगळे साचे बनवणं कंपन्यांना परवडत नाही.

तोपर्यंत काय? कॅसेट प्लेअरची फॅशन परत आलीय म्हणून खूश होऊ नका. २०२४ मध्ये आलेला फियोचा सीपी१३ दिसायला थेट जुना वॉकमन, पण आत बसवलेली चार्जिंगची बॅटरी! पेन्सिलीने कॅसेट फिरवा, पण पेन्सिल सेल नाही.

खरेदीला जाल तेव्हा आवाज, बेस, रंग सगळं विचारून झालं की दुकानदाराला एक विचारा: याची बॅटरी बदलून मिळते का, कितीला? तो गडबडला तर उत्तर मिळालं. जास्त ऐकणाऱ्यांनी वायरवाल्या इअरफोनचा विचार करायला हरकत नाही, त्यात मरायला बॅटरीच नसते (फोनला जॅक नसेल तर टाइप-सीवाले मिळतात). डोक्यावरचे मोठे हेडफोन घेत असाल तर स्क्रू दिसतायत का बघा. स्क्रू दिसणं हे सौंदर्यात बाधा आणतं असं म्हणणाऱ्या सेल्समनकडे गोड हसून दुर्लक्ष करा. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर इअरबड्स ठेवू नका, उष्णता ही लिथियमची सगळ्यात मोठी वैरीण. सहा महिने वापरणार नसाल अशी वस्तू फुल चार्ज करून नाही आणि शून्यावर आणूनही नाही, अर्ध्यावर ठेवून बंद करा. रिमोट, घड्याळ, किचनमधला वजनकाटा यांना चार्जेबल पेन्सिल सेल घ्या. २००५ मध्ये सान्योने एनलूप काढल्यापासून असे सेल मिळतात जे महिनोन्‌महिने पडून राहिले तरी बरीचशी वीज धरून ठेवतात.

आणि आज घरी गेल्यावर तो ड्रॉवर उघडा. प्रत्येकाचा असतो, जुने फोन, जुने प्लेअर, कुठल्या कशाचे चार्जर. त्यातल्या एखाद्याची पाठ फुगून वर आली असेल, झाकण सुटल्यासारखं दिसत असेल, तर आतल्या बॅटरीत वायू साचलाय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, ‘चालतो का बघू’ म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर तशीच्या तशी द्यायची.

त्याच ड्रॉवरमधल्या केबलींच्या गुंत्याविषयी पुढच्या आठवड्यात.